खुराड्याला बाहेरून पेट्या: भिंत फोडावी की नाही?

देवगड तालुक्यातल्या एका वाडीतून एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव अर्थातच देत नाही. घरी अकरा कोंबड्या आहेत, आठ गावठी आणि तीन कावेरी (जास्त अंडी देणारी सुधारित जात), शिवाय एक कोंबडा. खुराडं सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं बांधलेलं. तीन बाजू चिऱ्याच्या, वर कौलं, आणि घराकडची पूर्वेची बाजू दोन फुटांपर्यंत चिरा, त्यावर लाकडी चौकटीत जाळी. दार बुटकं आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, तरी अंडी काढायला त्याच वाकून आत शिरतात. अंडीही एका जागी मिळत नाहीत. काही खुराड्यात, काही मांगरात (परसातल्या खोपटात) लाकडांच्या मागे, तर एकदा केळीच्या बुंध्याशी चौदा अंड्यांचा ढीग सापडला. ताईंच्या मुलानं अंडी घालायच्या, बाहेरून उघडणाऱ्या पेट्यांचे फोटो पाहिले. सुतार म्हणतो, मागची भिंत फोडून आठ पेट्या बसवू. नवरा मुंबईला नोकरीत, तो मे महिन्यात येईल तेव्हा काम करायचा बेत आहे. सासरे मात्र ऐकायला तयार नाहीत. त्यांचं म्हणणं ताईंनी जसंच्या तसं लिहिलं आहे: “भितीक भोक पाडलास तर पाणी येतला, आणि पाण्यावांगडा जनावर येतला.” (भिंतीला भोक पाडलंस तर पाणी येईल, आणि पाण्याबरोबर जनावर येईल.) रोज जेमतेम दोन-तीन अंडी मिळतात, अकरा कोंबड्यांची सात-आठ तरी यायला हवीत, असं ताईंना वाटतं. पेट्या कराव्यात का, किती कराव्यात आणि सासऱ्यांना कसं समजवावं, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

ताई,

तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती सासूबाईंच्या गुडघ्यांची ओळ, आणि ती तुम्ही अगदी ओझरती लिहिली आहे. कोंबडीला पेटी आत आहे की बाहेर, याच्याशी काही देणंघेणं नसतं. तिला अंधारी, कोरडी, आडोशाची जागा मिळाली की ती बसते. पेटी भिंतीबाहेर काढायची ती अंडी उचलणाऱ्या माणसासाठी. म्हणजे हे काम मुळात सासूबाईंसाठी आहे, आणि त्यांना काय हवं हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. सुतारानं सांगितलं, मुलानं फोटो दाखवले, सासऱ्यांनी नाही म्हटलं. रोज वाकून आत जाणाऱ्या बाईला आधी विचारा. पेटी किती उंचीवर असली तर तुमच्या हाताला बरी पडेल? झाकण वर उचलायचं जमेल का, की पुढे ओढायचं बरं? सकाळी किती वाजता काढता अंडी? या तीन उत्तरांवर पेटीचं निम्मं माप ठरतं.

आता अंड्यांचा हिशेब. गावठी कोंबडी वर्षाला साधारण 60 ते 80 अंडी देते, तीही सलग नाही. दहा-पंधरा अंड्यांचं एक सत्र, मग खुडूक (अंडी थांबवून उबवायला बसणं), मग पुन्हा काही दिवसांनी पुढचं सत्र. कावेरी चांगल्या खाण्यावर दीडशेच्या आसपास जाते. तुमच्या आठ गावठी आणि तीन कावेरी धरल्या तर वर्षाची सरासरी रोज पावणेतीन अंड्यांच्या आसपास येते. म्हणजे दोन-तीन अंडी मिळतात ती काही कमी नाहीत. केळीखाली ढीग सापडला म्हणजे थोडी हरवतात हे खरं, पण रोजची चार-पाच अंडी कुठेतरी वाया जात आहेत, ही समजूत मनातून काढून टाका. पेट्या बसवल्यानं अंडी वाढणार नाहीत. स्वच्छ मिळतील, फुटणार कमी, शोधाशोध वाचेल. एवढ्यासाठी खर्च करायचा का, हे आता तुम्हीच ठरवा. माझ्या मते करावा, पण सुतार सांगतो तसा नव्हे.

अंडी वाढवायची असतील तर त्याचा रस्ता खाण्यातून जातो. कावेरीला नुसत्या परसातल्या चरण्यावर भागत नाही, तिला अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य थोडं तरी लागतं. गावठीला चालतं. आणि अंड्याचं कवच जवळजवळ सगळं चुन्याचंच असतं, त्यामुळे तुमच्याकडे जेवणातून उरणारी तिसऱ्यांची, कालवांची कवचं फेकू नका. चुलीच्या कडेला कडक वाळवायची, गोणपाटात घालून दगडानं बारीक कुटायची आणि वेगळ्या करवंटीत ठेवायची. खाद्यात मिसळू नका. ज्या कोंबडीला गरज असते ती आपणहून खाते.

सासऱ्यांबद्दल तुम्ही “हट्टी” हा शब्द वापरला आहे. मला तसं वाटलं नाही. सिंधुदुर्गात पावसाळ्यात 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दर वर्षी आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, त्या खुराड्याची कौलं कोण शाकारतं? पेटी गळायला लागली की जुलैच्या झडीत कोण बाहेर जाऊन बघणार आहे? नवरा गणपतीला येईल, तोवर आतला पेंढा कुजलेला असेल. ज्याला निस्तरावं लागणार त्याला आधी दिसतं, म्हणून ते बोलतात. पाणी आणि जनावर या दोन्ही गोष्टी त्यांनी बरोबर धरल्या आहेत. बाहेरच्या पेट्या फसतात त्या याच दोन कारणांनी. एक तर छप्पर आणि भिंत यांच्या सांध्यातून पाणी उतरतं, नाहीतर झाकणाच्या फटीतून साप, मुंगूस, उंदीर आत येतात. म्हणून त्यांना समजवायला जाऊ नका. “बाबा, पाणी येऊ नये म्हणून कुठे बसवायची, तुम्हीच सांगा,” असं विचारा. त्यांच्या मनाला पटेल ती जागा बहुधा योग्यच निघेल.

मागची भिंत मात्र फोडू नका. ती पश्चिमेची, म्हणजे नैऋत्येकडून येणारी झड थेट तिच्यावर. शिवाय चिऱ्याच्या जुन्या भिंतीतून ओळीनं चिरे काढले आणि वर पाटई (भार पेलणारी आडवी तुळई) टाकली नाही, तर वरचा भार सांध्यांवर येतो. एप्रिल-मेमध्ये दुपारचं ऊनही त्याच बाजूला असतं. पत्र्याची पेटी त्या उन्हात इतकी तापते की कोंबडी आत बसायलाच तयार होत नाही. तुमच्याकडे पूर्वेची बाजू आहेच, लाकडी चौकट आणि जाळीची. तिथे एक चिराही हलवायची गरज नाही. चौकटीतली दोन-अडीच हात जाळी कापली की पेटी बसते. सकाळचं ऊन पेंढा कोरडा ठेवतं, दुपारी सावली. आणि घराकडची बाजू असल्यानं सासूबाईंना चिखलातून मागे जावं लागत नाही.

तरीही पूर्व म्हणजे निर्धोक, असं धरून चालू नका. वळवाच्या आणि परतीच्या सरी बऱ्याचदा घाटाच्या बाजूनं येतात, वाऱ्यासकट. म्हणून एक गोष्ट आत्ताच करा, अजून पाऊस नाही तोवर. खुराड्याच्या पुढे जाऊन खाली जमिनीकडे बघा. गेल्या पावसाच्या पागोळ्यांनी मातीत एक ओळ पाडलेली असेल, बारीक खड्ड्यांची, खडे उघडे पडलेली. ती ओळ भिंतीपासून किती लांब आहे ते मोजा. पेटी त्या ओळीच्या आत बसत असेल तर वळचणीनंच तिचं अर्धं राखण केलं. दीड फुटाची वळचण असेल तर एक फूट खोल पेटी तिच्याखाली सहज राहते. वळचण अपुरी असेल तर आधी सासऱ्यांकडून कौलांची एक ओळ पुढे वाढवून घ्या, पेटीचं नंतर.

किती पेट्या? आठ अजिबात नकोत. चार-पाच कोंबड्यांना एक पेटी पुरते. आठ केल्या तरी सगळ्या जणी त्यातल्या दोन पेट्यांसाठीच रांग लावतात, हे कोंबड्या पाळणाऱ्या कुठल्याही घरात बघायला मिळतं. उरलेल्या पेट्यांत विष्ठा, कोळ्यांची जाळी आणि उंदीर. तुम्हाला तीन करायला सांगेन. हिशेबानं दोनांवर जेमतेम भागलं असतं, पण गावठी कोंबडी खुडूक बसली की एक पेटी दिवसेंदिवस अडवून ठेवते, म्हणून तिसरी.

पण सुताराला बोलावण्याआधी पंधरा दिवस एक प्रयोग करा. त्याला एक पैसा लागत नाही. तुम्ही देवगडच्या, म्हणजे या दिवसांत घरात आंब्याच्या लाकडी पेट्या पडलेल्या असणार. त्यातल्या दोन घ्या. वर आलेले खिळे ठोकून आत वळवा. फळ्यांमधल्या फटींतून उजेड येतो, म्हणून मागच्या आणि बाजूच्या अंगाला गोणपाट लावा. आडव्या ठेवा, पुढे चार बोटं उंचीची एक पट्टी मारा, म्हणजे पेंढा बाहेर येणार नाही. एक पेटी खुराड्यात दारातून हात पोचेल अशी, जमिनीपासून दोन विटा वर. दुसरी पडवीच्या कोपऱ्यात, जिथे सावली आणि शांतता आहे. अंडं घालायची जागा खुराड्यालाच चिकटलेली हवी, असा काही नियम नाही. तुमच्या कोंबड्या दिवसभर मोकळ्या असतात. पडवीतल्या पेटीत त्या रुळल्या, तर सासूबाईंना पायरीही उतरावी लागणार नाही आणि सुताराचा खर्चही वाचेल. अनेक घरांत प्रश्न तिथेच मिटतो. दुसऱ्या कुणी वाचकांनी अजून खुराडंच बांधलेलं नसेल, तर त्यांनीही आधी हेच करून बघावं.

या पंधरा दिवसांत कोंबड्या सकाळी दहा-साडेदहापर्यंत आत ठेवा, पाणी आणि दाणा देऊन. बहुतेक अंडी सकाळीच पडतात. त्या वेळेला बाहेर जायला मिळालं नाही तर केळीखालची आणि मांगरातली सवय हळूहळू मोडते. कावेरींचा फरक लवकर दिसेल, गावठी जरा वेळ घेतात. पेटीत एक लाकडी अंडं किंवा ओढ्यातला गुळगुळीत गोल दगड ठेवा. जुनी माणसं घरट्यात एक अंडं राखून ठेवतात ते याचसाठी. कोंबडी दुसरीचं अंडं बघून तिथे बसते. एखादी दुपारी उशिरा घालत असेल तर तिला दोष देऊ नका. एका अंड्याला पोटात तयार व्हायला चोवीस तासांपेक्षा जरा जास्त वेळ लागतो, म्हणून वेळ रोज थोडी पुढे सरकते आणि मग एक दिवस खाडा पडतो.

आणि केळीखालच्या ढिगासारखी अंडी पुन्हा सापडली तर ती भांडंभर पाण्यात टाकून बघा. तळाला आडवं पडलं ते ताजं. उभं राहिलं ते जुनं, फोडून वास घेऊनच वापरा. तरंगलं ते टाकून द्या.

प्रयोगात कोंबड्या पेटीत बसायला लागल्या आणि तरीही सासूबाईंना आत हात घालणं अवघड जातंय असं दिसलं, तर बाहेरची पेटी खुशाल करा. तिचं माप असं सांगा. प्रत्येक खण आतून एक फूट लांब, एक फूट रुंद. कावेरी अंगानं मोठी असते, म्हणून एक खण चौदा इंची केलात तर बरं. तळ जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर. खुराड्यातली बसायची दांडी पेटीच्या तळापेक्षा वर हवी, हे मात्र आधी तपासा. कोंबडी रात्री सगळ्यात उंच जागा धरते. पेटी उंच आणि दांडी खाली असेल तर सगळ्या पेटीत झोपतील आणि सकाळी अंडी घाणीत सापडतील.

झाकणाबद्दल मी जरा आग्रहानं सांगते. फोटोत दिसतात त्या पेट्यांचं छप्परच वर उचलून उघडतं, त्याच्या बिजागऱ्या खुराड्याच्या भिंतीला. देशावर, जिथे पाऊस बेतानं पडतो, तिथे ते चालतं. आपल्याकडे त्याच बिजागरीच्या फटीतून पाणी आत जातं, आणि कितीही रबराची पट्टी मारली तरी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ती उलते. छप्पर पक्कं, अखंड, एका तुकड्याचं करा. खुराड्याकडून बाहेर चांगला उतार द्या आणि पुढे चार बोटं बाहेर काढा. खाली फळी, वर पत्रा. नुसता पत्रा नको, कारण मे महिन्यात तो तापतो आणि पावसात त्याच्या आवाजानं कोंबडी बिचकते. उन्हाळ्यात वर नारळाची एक झाप टाकली की काम होतं. उघडायची ती पेटीची मागची, म्हणजे बाहेरच्या अंगाची फळी, बिजागरी खालच्या कडेला, म्हणजे फळी खाली पडते आणि सासूबाईंना उभ्यानं, वजन न उचलता आत सगळं दिसतं. अंडं घरंगळून बाहेर येऊ नये म्हणून फळीच्या आत तीन बोटं उंचीची पट्टी ठेवायला सुताराला विसरू देऊ नका. छप्पर जिथे चौकटीला भिडतं तिथे वाकवलेल्या पत्र्याची पट्टी लावा, तिची वरची कड जाळीच्या चौकटीच्या आतल्या अंगाला गेली पाहिजे. नुसती वरून खिळली तर पाणी तिच्या मागे शिरतं.

बिजागऱ्या लोखंडी घेऊ नका. खाऱ्या हवेत एका पावसात त्या गंजून जाम होतात. पितळी किंवा स्टेनलेस स्टीलच्या घ्या. त्या महाग वाटल्या तर जुन्या टायरच्या जाड पट्ट्या स्क्रूनं मारा, त्या वर्षानुवर्षं टिकतात. लाकूड घरचं फणसाचं, सागाचं असेल तर उत्तम, नसेल तर मरीन प्लाय. आंब्याच्या पेटीची फळी प्रयोगापुरतीच ठीक, पावसाळ्यात ती तग धरत नाही. काजूच्या टरफलाचं तेल मिळालं तर बाहेरून एक हात मारा, वाळवी दूर राहते. ते अंगाला लागलं तर भाजतं, म्हणून हात झाकून लावा, आतून लावू नका, आणि पूर्ण सुकेपर्यंत कोंबड्यांना जवळ येऊ देऊ नका.

जनावराचं म्हणाल तर फळीला दोन कड्या, दोन टोकांना. एकच मधोमध असली की फळीचे कोपरे फुगतात आणि बोटभर फट राहते, लहान साप तेवढ्यातून येतो. हवेसाठी छपराखाली बाजूला भोकं ठेवायची ती अर्ध्या इंचाच्या वेल्डमेश जाळीनं बंद करा. षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबडी अडवते, पण मुंगूस आणि ऊदमांजर तिला जुमानत नाहीत. तुमच्या चौकटीला सध्या तीच पातळ जाळी असेल तर पेटीआधी ती बदला. सासऱ्यांची काळजी त्यानं खरी दूर होईल. आणि अंडी रोज उचलली पाहिजेत, शक्य तर दोनदा. साप येतो तो अंड्यांसाठी आणि उंदरांसाठी. सासूबाईंना सांगा, फळी उघडली की आधी नीट बघायचं, संध्याकाळ असेल तर बॅटरी मारून, आणि मगच हात घालायचा. आत साप दिसला तर फळी तशीच उघडी ठेवून लांब व्हायचं आणि गावातल्या सर्पमित्राला बोलवायचं.

पेंढा कोरडा हवा, नाहीतर भाताचं तूस. पावसाळ्यात पेंढा आठवड्याला बदला, दमट वास आला तर त्याच दिवशी. बुरशी धरलेल्या पेंढ्यानं कोंबड्यांच्या छातीत आजार शिरतो आणि तो सहसा बरा होत नाही. निगडीचा (निर्गुडीचा) पाला पेंढ्याखाली टाकायची आपल्याकडे जुनी रीत आहे, पिसवा कमी होतात म्हणून. टाका, पण पालाही पेंढ्याबरोबर बदला. अंड्याला घाण लागलीच तर कोरड्या फडक्यानं पुसा. धुऊन ठेवू नका, कवचावरचा नैसर्गिक थर निघून गेला की अंडं लवकर खराब होतं.

मे महिन्यात नवरा येईल तेव्हाच काम उरकायचं अशी घाई करू नका. प्रयोग मेच्या मध्यापर्यंत नीट लागला आणि सासऱ्यांनी जागा दाखवली, तर मृगाच्या आधी करून टाका. नाहीतर या पावसाळ्यात आंब्याच्या पेट्यांवर भागवा आणि दिवाळीनंतर बांधा. तोवर पावसात पाणी कुठून येतं, हेही सगळ्यांना डोळ्यांनी दिसेल. पावसाळ्याच्या अखेरीला कोंबड्या पिसं गाळतात तेव्हा अंडी तशीही कमी होतात. नेमकी तेव्हाच नवी पेटी बसवलीत तर दोष पेटीवर जाईल.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, तरी विचारते. अंड्यांचे पैसे कुणाकडे जातात? वाडीतल्या बऱ्याच घरांत ती सासूबाईंची हक्काची चिल्लर असते. एसटीचं भाडं, नातवाचा खाऊ, देवळातला नारळ त्यातून होतो. तुमच्याकडे तसं असेल तर पेट्या बसल्यावर अंडी काढायचं काम “आता आई, तुम्ही बसा” म्हणून त्यांच्याकडून काढून घेऊ नका. त्यांना आराम द्यायचा आहे, कोंबड्या नव्हे.

पेटी बसली की पहिले आठ दिवस मागची फळी कुणालाही उगाच उघडू देऊ नका, मुलाला तर मुळीच. आत बसलेली कोंबडी दोन-तीनदा दचकली की ती जागा सोडते आणि पुन्हा केळीखाली जाते. सकाळी अकराच्या सुमारास एकदा आणि संध्याकाळी एकदा, तेही सासूबाईंनीच उघडायचं. आणि एखादी गावठी तिसऱ्या खणात खुडूक बसलीच, तर तिला उठवायच्या आधी सासऱ्यांना विचारा. पावसाआधीच्या दिवसांत एकवीस दिवसांनी पिल्लं निघाली तर त्यांना हवी असतील. तेव्हा तिला रात्री अंधारात, खालच्या अंड्यांसकट, पडवीतल्या आंब्याच्या पेटीत हलवा आणि वर डालगं पालथं घाला.